आरशाच्या मुठीवरची बाई

फार जुन्या काळच्या लोकांबद्दल आपल्याला बरंच सांगता येतं. ते भाजक्या विटांची घरं बांधत. घरातलं सांडपाणी झाकलेल्या गटारातून बाहेर सोडत. गल्लीतल्या एकाच विहिरीवर पाणी भरत, तिथेच भांडत, आणि एकाच मोठ्या भट्टीत सगळ्यांच्या रोट्या भाजून घेत. जमिनीखाली सापडलेल्या भिंती, खापरं आणि मणी बघून जाणती माणसं हे सांगतात. पण त्या लोकांना लाज कशाची वाटायची, हे खापरावर उमटत नाही. ते आपण आपल्यावरूनच ओळखायचं. म्हणून ही गोष्ट. ती खरोखर घडली असं मी म्हणत नाही. घडली असती तर साधारण अशी घडली असती, असं मला वाटतं, एवढंच.

नदीकाठच्या एका गावात एक अरुंद गल्ली होती. तिच्या एका टोकाला ओताऱ्याचं घर होतं. ओतारी म्हणजे धातू वितळवून वस्तू ओतणारा. घरात तो, त्याची बायको, त्याची मोठी बहीण आणि त्याची मुलगी. मुलगी सतत मेणाच्या गोळ्याभोवती घोटाळायची, म्हणून सगळे तिला माशी म्हणत.

ओताऱ्याच्या घरात मेण कशाला? तेही सांगतो. कांशाची वस्तू करायची तर आधी ती मेणाची करायची, अगदी हवी तशी, नाकडोळ्यांसकट. मग तिच्यावर मातीचे लेप द्यायचे. पहिला लेप नदीच्या मऊ गाळाचा, नंतरचे भुसा घातलेल्या जाड मातीचे. लेप वाळले की सगळं भट्टीत भाजायचं. आतलं मेण वितळून भोकातून बाहेर येतं, आणि मातीच्या पोटात त्या वस्तूच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेलं कांसं ओतायचं. गार झालं की माती फोडायची. मेणावर जे असेल ते कांशावर येतं. चुकून बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही.

धातू ओतण्याचं काम माशीच्या बाबाचं, आणि मेणाचं काम तिच्या आत्याचं. आत्याच्या हातची मेणाची बकरी बघून खरी बकरी ओरडते, असं गल्लीत म्हणत. पण आता आत्याचे डोळे अधू झाले होते. हातभर अंतरावरचं तिला धुरकट दिसे.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एका आरशाचं काम आलं होतं. तेव्हाचे आरसे कांशाचे असत. एक गोल, चकचकीत घासलेली चकती आणि तिला खाली मूठ. ही मूठ म्हणजे एक उभी बाई करायची होती, दोन्ही हात वर करून चकती तोलून धरलेली. आरसा समोरच्या विणकर मावशीने करायला सांगितला होता, तिच्या लेकीसाठी. लेकीचं लग्न झालं होतं आणि ती नावेतून, नदीच्या खालच्या अंगाला, लांबच्या गावी सासरी जाणार होती. नदीचं पाणी उतरायच्या आत नाव सुटायला हवी होती.

बाईचे हात, कंबर, पायघोळ वस्त्र असं सगळं आत्याने बोटांच्या अंदाजाने केलं. चेहऱ्याशी येऊन मात्र ती थांबली.

"माशे, चेहरा तू कर."

"मी?"

"मग काय शेजारची शेळी? तुझी बोटं बारीक आहेत आणि डोळे धड आहेत. फक्त एक ध्यानात ठेव. साधी बाई कर. बघून कुणी आठवेल असा चेहरा नको. लेकीचा हट्ट होता, आईसारखी बाई करा म्हणून. आईने साफ नाही सांगितलंय."

माशीने मान हलवली. मावशीने नाही का सांगितलं असेल, हे तिला कळलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांनाच कळलं असतं.

मागे एकदा विणकर मावशीला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिचा अर्धा चेहरा घेऊन गेला. एका बाजूचा ओठ खाली ओघळला आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटेना. तेव्हापासून मावशी दारात मागावर बसायची ती चांगली बाजू गल्लीकडे आणि दुसरी भिंतीकडे करून. कुणी बोलायला आलं तरी ती मान तेवढीच वळवायची. मोठी माणसं तिच्या चांगल्या बाजूशी बोलत आणि दुसरी बाजू नसल्यासारखं वागत. मुलं तिच्यासमोर असंच वागत. पाठीमागे काय करत, ते आता येईलच.

माशीने दुपारभर खपून चेहरा केला. तो खरंच छान झाला होता. शांत, किंचित खाली बघणारा, कुणाचाच नसलेला चेहरा. आत्याने अंगठ्याने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "झालं की. आता हात लावू नकोस." मग ती आत जाऊन आडवी झाली.

तेवढ्यात कुंभाराच्या जुळ्या मुली आल्या. गल्लीत त्यांना थोरलं मडकं आणि धाकटं मडकं म्हणत. दोघी एकदमच हसत आणि एकदमच रडत.

"तू केलास हा?" थोरलं मडकं म्हणालं. "काहीतरीच! आत्याने केला असेल."

"मीच केलाय."

"मग दुसरा करून दाखव बघू."

माशीला काय वाटलं कोण जाणे. मेण अजून मऊ होतं. तिने बाईच्या ओठाचं एक टोक चिमटीत धरून खाली ओढलं. त्याच बाजूच्या डोळ्यावर नख दाबून तो मिटवला. क्षणात ती कुणाचीच नसलेली बाई विणकर मावशी झाली.

जुळ्या हसून हसून जमिनीवर लोळल्या. धाकट्या मडक्याला उचकी लागली. माशीही हसली. आपल्या दोन बोटांनी एवढं होऊ शकतं याचं तिला नवलही वाटलं. तिने ओठ अजून जरा ओढला. आणखी हसू. लगेच नीट करायचं, असं तिने मनात ठरवलंच होतं.

"माशे!" आईने चुलीपासून हाक मारली. "पाणी कोण आणणार, तुझी मेणाची बाई?"

जुळ्या पळाल्या. माशी घागर घेऊन धावली. विहिरीवर नेमकी गर्दी होती. भरलेली घागर घेऊन ती परत आली तेव्हा बाबा अंगणात उभा होता आणि त्याच्या हातात तो मेणाचा आरसा होता. आरसा गाळाच्या रांजणातून नुकताच वर आला होता. चकती, हात, चेहरा, सगळं करड्या गाळाने झाकलेलं. टोकावरून थेंब पडत होते.

"दुसऱ्या कामासाठी गाळ कालवला होता," बाबा म्हणाला. "म्हटलं, हाही बुडवून टाकू. आत्या म्हणाली चेहरा झालाय."

"तू बघितलास?"

"बघायचं काय त्यात? तू केलास ना?"

बाबा हे अगदी सहज म्हणाला. लेप ओला होता. पाण्यात धरला असता तर धुऊन गेला असता, आणि पाणी तर माशीच्या कडेवरच होतं. फक्त एक शब्द बोलायचा होता. पण तो बोलला की पुढचे सगळे शब्द आपोआप आले असते. का धुवायचं? तोंड वाकडं झालंय म्हणून. कसं झालं? मी केलं. कुणासारखं?

ती घागर घेऊन आत गेली.

पुढचे दिवस लेपांचे होते. एक वाळला की दुसरा. बाईची बाहुली झाली, बाहुलीचं बोचकं झालं, आणि शेवटी अंगणात नुसता मातीचा एक ओबडधोबड गोळा उन्हात पडून राहिला. तो बघून आत काय आहे हे कुणाला कळलं नसतं. माशीला मात्र मातीतून ते तोंड दिसायचं.

तिचं काहीच बुडणार नव्हतं. मेण वितळवून पुन्हा वापरता येतं. काम परत करावं लागलं असतं, बाबा ओरडला असता, आत्याने दोन दिवस तोंड फुगवलं असतं, आणि संपलं असतं. हे सगळं तिला समजत होतं. ती रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. बाबा चिडलेला असला की तिला वाटे, आता नको. बाबा खुशीत असला की वाटे, आता कशाला त्याचा विरस करू? एकदा तर तिने सुरुवातही केली.

"बाबा, त्या आरशाचं ना..."

"हो हो, ओतताना तुला बोलावीन. तुझ्या पहिल्या कामाचं कांसं तुझ्या डोळ्यांदेखत ओतायचं." आणि त्याने तिच्या डोक्यावर राखेने भरलेला हात ठेवला.

जुळ्या रोज विचारायच्या. "नीट केलंस ना गं?" तिने हो म्हणून टाकलं.

ओतायच्या आदल्या दिवशी विणकर मावशीने तिला दारातून हाक मारली. मावशी नेहमीसारखीच बसली होती, चांगली बाजू गल्लीकडे.

"चेहरा तू केलायस म्हणे?"

"हो."

"कशी झालीय बाई?"

"छान," माशी म्हणाली. आपलाच आवाज तिला कुठून तरी लांबून ऐकू आला.

"पहिलंच काम ना तुझं? हे घे." मावशीने मागाशेजारून एक विणलेली पट्टी काढली. केसांना बांधायची, काठाला लाल रेघ असलेली. "उरलेल्या सुताची आहे. फार मनावर घेऊ नकोस." आणि मग मान न वळवता ती म्हणाली, "लेकीला वाटत होतं तिथे माझं तोंड असावं. वेडी आहे. नव्या घरात चार बायका आरसा हातात घेणार, आणि पहिलं काय बघणार? म्हटलं, नको. तुझ्या आत्याने ऐकलं, तू ऐकलंस. बरं झालं."

माशीने पट्टी घरी नेली आणि चुलीमागच्या कोनाड्यात खुपसली. केसांना बांधायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी अंधारून येताना कांसं ओतायचं असतं. उजेड कमी असला की वितळलेल्या धातूचा रंग नीट कळतो. आईने भाता ओढला. मुशीतलं, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातलं, तांबं आणि कथील पिकल्या फळासारखं लाल, मग पिवळं झालं. भाजून रिकामा झालेला मातीचा गोळा खड्ड्यात रोवून ठेवला होता. त्यातून निघालेलं मेण शेजारच्या पाण्याच्या भांड्यात तरंगत होतं. तोंड नाही, डोळा नाही, नुसता पिवळट लगदा. माशी त्या लगद्याकडे बघत राहिली. बाबाने मूस कलती केली. ओतताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा नियमच होता. हात हलला तर कुणाचा तरी पाय भाजतो. आता गप्प राहायला माशीला निमित्तही होतं.

सकाळी गोळा फोडायला सगळे जमले. विणकर मावशी लेकीला घेऊन आली. जुळ्या दारात उभ्या होत्या. बाबाने लाकडी हातोडीने माती फोडली. चकती निघाली, काळपट, खरबरीत. मग वर केलेले हात. मग बाबाने काडीने चेहऱ्यावरची माती खरवडली, आणि त्याचा हात थांबला.

"अरे," तो म्हणाला. "हे..."

दारातून फुस्सकन आवाज आला. थोरल्या मडक्याने तोंडावर हात दाबला होता, धाकट्याने तिच्या पाठीत तोंड खुपसलं होतं. दोघींचे खांदे हलत होते.

मावशीने आधी बाईकडे पाहिलं. मग दारातल्या मुलींकडे. मग माशीकडे. ती घाईत होती की काय, आज तिचं सगळं तोंड सगळ्यांसमोर होतं आणि ते वळवायचं तिला सुचलं नाही. माशीला वाटलं, अंगणातलं गटार उघडावं आणि आपल्याला आत घ्यावं.

"मावशी, मी..."

"आई!" लेकीने झडप घालून आरसा उचलला. "आई, ही तू आहेस! नको नको म्हणत होतीस आणि गुपचूप सांगून ठेवलंस?" ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "मला वाटलं, तिकडे गेल्यावर तुझं तोंड आठवावं लागेल. खरं सांग, तूच सांगितलंस ना?"

बाबा बहिणीकडे बघत होता. आत्याला काही दिसत नव्हतं.

"हो," विणकर मावशी म्हणाली. "मीच सांगितलं. माशीला."

लेकीने आईला मिठी मारली, आणि तिला सोडून माशीलाही मिठी मारली. आरशाची खडबडीत कड माशीच्या मानेला लागली. "किती नीट बघितलंस गं तू तिला," लेक तिच्या कानाशी म्हणाली.

बाबाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, बायकाबायकांचं काहीतरी गुपित होतं. पुढे वाळूने, मग राखेने आरसा घासताना येईल त्याला तो सांगत होता, "आमच्या माशीचं पहिलं काम. तोंड कसं उतरवलंय बघा!" येणारे बघत, मग मावशीच्या दाराकडे बघत, आणि म्हणत, "हो खरंच."

कुणी नसताना आत्याने आरसा माशीकडून मागून घेतला. अंगठा चेहऱ्यावरून फिरवला. ओठाच्या टोकाशी तो थांबला.

"हे बघून केलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "हे कुणाला तरी करून दाखवलेलं आहे. इथे चिमटा आहे. बघून करणारा माणूस चिमटा काढत नाही."

माशी रडायला लागली.

"मी हो म्हणेपर्यंत मेणाला हात लावायचा नाही. आणि बाबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

तिने बाबाला त्या रात्री जेवताना सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने अर्धी रोटी तशीच खाली ठेवली आणि हात धुवायला उठला. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला आरसा दाखवणं त्याने बंद केलं. कुणी विचारलंच तर म्हणे, "घासायचं राहिलंय अजून." ओरडला असता तर बरं झालं असतं, असं माशीला वाटे.

नाव सुटली. लेक काठावरच्या आईला आरसा हलवून दाखवत होती. उन्हात चकती लांबपर्यंत चमकत राहिली. मग वळण आलं.

माशी केसांची ती पट्टी घेऊन मावशीच्या दारात गेली. मावशी मागावर बसली होती, पण हात चालत नव्हते.

"ही परत द्यायला आले."

"ठेव तिथे."

"मावशी, मी ते हसायला केलं होतं. मग नीट करणार होते. मग..."

"ठाऊक आहे मला. तुम्ही पोरी गल्लीत तोंडं वाकडी करून चालता ना, माझी ही बाजू भिंतीकडे असली तरी भिंतीवर मला सावल्या दिसतात."

माशीला हे माहीत नव्हतं. तिने पट्टी मागाशेजारी ठेवली. मग म्हणाली, "मग माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"तुझ्यासाठी?" मावशी पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलली. "तुझ्यासाठी कशाला बोलेन? माझी लेक लांब चालली होती. तिच्या हातातली वस्तू म्हणजे कुणाची तरी थट्टा आहे, हे डोक्यात घेऊन गेली असती. आता आईचं तोंड घेऊन गेली. राहू दे तसंच. तू मात्र खरं काय ते विसरू नकोस."

"नाही विसरणार."

"बरं. आलीच आहेस तर सुताची लडी धर. एकटीने गुंता सुटत नाही."

माशी आत शिरली. लडी धरायची तर भिंतीच्या बाजूलाच बसावं लागत होतं. एवढी वर्षं समोर राहून ती त्या बाजूला कधी बसली नव्हती. मावशीने मान वळवली नाही. धाग्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि गुंडाळायला सुरुवात केली.

माशीने आधी खाली पाहिलं. मग हळूच वर. ओठ तिने मेणात केला होता तेवढा ओघळलेला नव्हताच. किंचित उतरला होता, थकलेल्या माणसाचा उतरतो तसा. डोळा मिटलेला तर मुळीच नव्हता. तो उघडाच राहत होता आणि त्यातून पाणी येत होतं. थोड्या थोड्या वेळाने मावशी खांद्यावरच्या कापडाने तो टिपत होती आणि पुन्हा धागा ओढत होती. त्या कापडाचा तेवढा कोपरा टिपून टिपून विटला होता.

बाहेर पावलं वाजली. जुळ्या विहिरीकडे चालल्या होत्या.

"माशे! ए माशे, आत काय करतेस? ये ना!"

त्या दारातून डोकावल्या. लडी धरलेले हात तसेच ठेवून माशीने पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं. आता तिला त्या दोघी दिसत नव्हत्या. समोरच्या विटांवर नुसत्या त्यांच्या सावल्या होत्या, एकमेकींच्या कानाशी लागलेल्या.

मावशी धागा ओढत राहिली.